शून्य फेरी की पहिली फेरी?

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की पहिले दोन-चार दिवस पेढ्यांचे असतात. मग मात्र घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "आता पुढं काय?" मामा एक सांगतो, शेजारचे काका दुसरंच सांगतात, आणि ज्याचा निकाल लागलेला असतो तो बिचारा गुणपत्रिका हातात धरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. आज मला तुमच्याशी याच प्रश्नाच्या एका लहानशा पण अडचणीच्या कोपऱ्याबद्दल बोलायचं आहे. जागा लवकर मिळत असेल तर लगेच घेऊन टाकावी, की नियमित फेरीची वाट बघावी?

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही तर प्राथमिक शाळेत शिकवता. अकरावीशी तुमचा काय संबंध? संबंध आहे. आमचं दाभोसा जव्हार तालुक्यातलं गाव. इथला धबधबा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. लेंढी नदी सुमारे तीनशे फुटांवरून खाली उडी घेते, आणि पावसाळ्यात ती बघायला लांबलांबून गाड्या येतात. पाहुणे जेव्हा फोटो काढत असतात, तेव्हा गावातली माणसं वाकून चिखलात भाताची लावणी करत असतात. अकरावीचे फॉर्म नेमके याच दिवसांच्या आसपास येतात. घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नसेल, तर मूल विचारायला जाणार कुणाकडे? चौथीपर्यंत ज्यांनी शिकवलं त्या बाईंकडेच. म्हणून दर मे-जून महिन्यात माझ्या ओट्यावर दहावी पास झालेली माझी जुनी पोरं येऊन बसतात.

पूर्वी हे काम तसं सोपं होतं. दाखला आणि गुणपत्रिका घ्यायची, एसटीत बसायचं, आणि जव्हारला नाहीतर मोखाड्याला जाऊन कॉलेजात नाव घालायचं. मुंबईत मात्र २००९ पासून अकरावीचे प्रवेश संगणकावरून होऊ लागले. पुढं पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांतही तीच पद्धत आली. आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. म्हणजे दादरच्या मुलाचा जो फॉर्म, तोच दाभोशाच्या मुलीचा. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. नोंदणीचं शुल्क होतं शंभर रुपये. फॉर्मचे दोन भाग. पहिल्या भागात आपली माहिती भरायची आणि दुसऱ्या भागात आपल्या पसंतीची कॉलेजं क्रमानं लिहायची. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा.

आता नीट लक्ष द्या, कारण खरी गंमत पुढंच आहे. नियमित फेऱ्या सुरू होण्याआधी त्या वर्षी एक 'शून्य फेरी' झाली. ती कोट्यातल्या जागांसाठी होती. ज्या संस्थेची शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकच, तिथं दहा टक्के जागा त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी राखून ठेवतात. त्याला इनहाऊस कोटा म्हणतात. पाच टक्के जागा व्यवस्थापनाच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांत त्यांच्या समाजाच्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो. या जागांवर प्रवेश आधी मिळतो. पण एकदा का तो घेतला, की नियमित फेऱ्यांचा रस्ता आपल्यापुरता बंद. जागा लवकर मिळते, त्याची ही किंमत.

२०२५ च्या जूनमध्ये माझ्या ओट्यावर एक मुलगी आणि तिचे बाबा येऊन बसले. मुलीला दहावीला बऱ्यापैकी गुण होते, शास्त्रात तर चांगलेच. तिच्या मावशीचं बाळंतपण जव्हारच्या कुटीर रुग्णालयात झालं होतं, तेव्हा ही चार दिवस सोबत राहिली होती. तिथल्या नर्सताईंना काम करताना तिनं पाहिलं, आणि तेव्हापासून हिच्या मनानं घेतलं होतं, आपण नर्स व्हायचं. ज्या शाळेतून ती दहावी झाली तिथं पुढं अकरावी-बारावी होती, पण फक्त कला शाखा. शून्य फेरीत तिथली जागा हिला सहज मिळत होती. विज्ञान हवं तर मात्र नियमित फेरीला उभं राहायचं, आणि नाव लागलं तर तालुक्याच्या गावी राहायला जायचं.

बाबा म्हणाले, "बाई, हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं? मिळतंय ते घेऊन टाकू दे की."

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "बाई, जागा गेली तर दिवाळीनंतर मला पण यांच्याबरोबर जगायला जावं लागंल."

आमच्याकडचे नसाल तर 'जगायला जाणं' म्हणजे काय ते सांगते. भात कापून झालं की आमच्या जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर मजुरीला जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. त्याला आमच्याकडे जगायला जाणं म्हणतात. ज्याची शाळा सुरू आहे त्याला मागं ठेवता येतं. ज्याची शाळा सुटली तो आई-बापाबरोबर निघतो. आणि एकदा भट्टीवर गेलेली सोळा वर्षांची मुलगी परत पुस्तकाकडे वळणं फार कठीण. म्हणून त्या बापाचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. लेकीची शाळा तुटू नये, एवढंच तो म्हणत होता. त्याला 'लवकर' हवं होतं ते भीतीपोटी, पण ती भीती खरी होती.

मग आम्ही तिघांनी काय केलं? पाटी घेतली आणि मधोमध एक उभी रेघ ओढली. एका बाजूला शून्य फेरी, दुसऱ्या बाजूला पहिली फेरी. आणि वाटतं ते न लिहिता माहीत आहे तेच लिहायचं ठरवलं. जे माहीत नव्हतं ते विचारून आणलं.

पहिली चौकशी नर्सिंगची. कला शाखा घेतली तर नर्स होताच येणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. एएनएम आणि जीएनएम या अभ्यासक्रमांना बारावी कला शाखेची मुलंही जाऊ शकतात. बीएस्सी नर्सिंगला मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. म्हणजे शून्य फेरीनं तिचं स्वप्न पुरतं बुडत नव्हतं, पण दोन वाटांपैकी एक मोठी वाट बंद होत होती. एवढं कळल्यावर तिचा चेहराच बदलला. कोंडलेली भीती थोडी बाहेर पडली की डोकं चालायला लागतं, नाही का?

दुसरी चौकशी तिच्या शाळेत. नियमित फेरीतही ही शाळा पसंतीक्रमात खाली लिहिता येईल का? येईल. आणि तिथल्या कला शाखेच्या जागा भरतात का? शाळेतले सर म्हणाले, "कुठल्या भरतात! दरवर्षी रिकाम्या राहतात." आलं ना लक्षात? जी जागा 'हातची' म्हणून धरून ठेवायची होती, ती पळून जाणारी नव्हतीच. बाबांची म्हण खरी, पण इथं हातचं सोडावं लागतच नव्हतं. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात कोट्याची जागा सोडली तर ती दुसरा उचलतो. आमच्या डोंगरातल्या शाळेचं गणित वेगळं. म्हणून दुसऱ्याचं पाहून आपण तसंच करायचं नसतं. आपल्या गावचं गणित आपणच मांडायचं.

तिसरी चौकशी राहण्याची. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत, पण त्यांचा अर्ज वेगळा असतो. कॉलेजात नाव लागलं म्हणजे वसतिगृह आपोआप मिळालं असं नाही. ते मिळेपर्यंत काय? बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हिचा मामा जव्हारात कामाला हाय. त्याला इचारतो." तो प्रश्न सुटला तेव्हाच पाटीची दुसरी बाजू भरली.

आता संगणक जागा कशा वाटतो, तेही समजून घ्या. समजा तुमच्या शाळेची सहल निघाली आहे आणि बसमध्ये आवडीची जागा निवडायची आहे. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपल्या आवडीच्या जागा क्रमानं लिहून दिल्या. ज्याला जास्त गुण त्याची चिठ्ठी आधी उघडायची. त्यानं पहिली लिहिलेली जागा रिकामी असेल तर ती त्याला. भरलेली असेल तर दुसरी बघायची, मग तिसरी. अकरावीचा संगणक साधारण हेच करतो. फक्त आरक्षित जागांच्या रांगा वेगळ्या असतात, जसं अनुसूचित जमातीसाठी सात टक्के. यातून एक गोष्ट कळते. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजातली तुमची संधी कमी होत नाही. 'मिळणारच नाही, कशाला लिहू?' असं म्हणून आवडतं कॉलेज गाळायचं काही कारण नाही.

पण या खेळात एक अट आहे. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाद. मग सगळ्यांसाठी खुली असलेली शेवटची फेरी येईपर्यंत थांबायचं आणि उरलेल्यातून मिळेल ते घ्यायचं. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाचं मिळालं आणि नको असेल, तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. पण सोडलेली जागा आपली वाट बघत बसत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि पहिला क्रमांक मिळतो तरी किती जणांना? २०२५ च्या पहिल्या फेरीत ६ लाख ३२ हजारांहून जास्त मुलांना जागा मिळाल्या. त्यांतल्या ४ लाख ५७ हजारांहून जास्त मुलांना पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तिघांना! म्हणून पहिला क्रमांक हा शब्द दिल्यासारखा आहे. 'सहज लिहून बघू' असं तिथं चालत नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलानं सहजच लिहिलं होतं. जिवलग मित्रानं लांबच्या शहरातलं कॉलेज पहिलं लिहिलं, म्हणून यानंही लिहिलं. ना कॉलेज पाहिलेलं, ना राहण्याची सोय. गंमत अशी, की मित्राचं नाव लागलं नाही आणि याचं लागलं! घरच्यांनी खर्चाचा हिशोब केला आणि कपाळाला हात लावला. प्रवेश घेता येईना, आणि नियमानं पुढच्या फेऱ्याही गेल्या. वर्गमित्र अकरावीच्या पुस्तकांना कव्हरं घालत होते, तेव्हा हा खुल्या फेरीची वाट बघत घरी बसून होता. मैत्री चांगलीच, पण तिच्या भरवशावर कॉलेज निवडू नये.

मग शून्य फेरी वाईटच का? मुळीच नाही. माझाच आणखी एक विद्यार्थी आहे. त्याची आई आजारी असते आणि धाकटी बहीण शाळेत जाते. त्याला घर सोडून जायचं नव्हतं. पोलीस भरतीची तयारी करायची, रोज पहाटे पळायला जायचं आणि जवळच्या कॉलेजात कला शाखा शिकायची, हे त्यानं नववीतच ठरवलं होतं. त्यानं शून्य फेरीत जागा घेतली आणि दुसऱ्या दिवशी निवांतपणे लावणीला गेला. त्याचं काही चुकलं का? नाही. त्याला थांबून मिळवायचं असं काही उरलंच नव्हतं. ज्याचं मन आधीच ठरलं आहे त्याच्यासाठी लवकरची वाट चांगली. ज्याचं ठरलेलं नाही, केवळ घाबरून जो धावतो आहे, त्यानं मात्र श्वास घ्यावा आणि एकदा मोजून बघावं.

हा पेच फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत बारावीतल्या मुलांसमोरही तो असतो. तिथल्या अनेक कॉलेजांना दोन प्रकारे अर्ज करता येतो. एक, नोव्हेंबरमध्ये लवकरचा अर्ज. त्याचं उत्तर डिसेंबरमध्ये मिळतं. यातला एक प्रकार बंधनकारक असतो. 'तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन' असं आधी लिहून द्यायचं आणि तसा अर्ज एकाच कॉलेजाला करायचा. दुसरा, जानेवारीच्या सुमारास नियमित अर्ज. तो कितीही ठिकाणी करता येतो. उत्तरं मार्चअखेरीपर्यंत येतात, आणि कुठं जायचं ते साधारण १ मेपर्यंत कळवायचं असतं. मधल्या काळात कुठलं कॉलेज किती आर्थिक मदत देतं, याची तुलना करता येते. ज्यानं आधीच शब्द दिला त्याला ही तुलना करता येत नाही. म्हणून लवकरची वाट पैसेवाल्यांना सोयीची आणि गरजूंना अडचणीची, अशी टीका तिथं बरीच वर्षं होते आहे. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या दोन मोठ्या विद्यापीठांनी आपली लवकर प्रवेशाची पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. २०११ मध्ये ती दोघांनीही पुन्हा सुरू केली. बघा, एवढ्या मोठ्या विद्यापीठांनाही हा प्रश्न एका फटक्यात सुटला नाही! आणि त्यांच्याकडची आर्थिक मदतीची गोष्ट म्हणजे आपल्याकडची वसतिगृहाचीच गोष्ट नव्हे का? जागा मिळणं ही अर्धी गोष्ट. तिथं राहून शिकता येणं ही उरलेली अर्धी.

आता तुम्हाला वाटत असेल, त्या मुलीचं पुढं काय झालं? तिनं शून्य फेरी सोडली. नियमित फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर तालुक्याच्या गावातली विज्ञान शाखा लिहिली आणि अगदी शेवटी स्वतःची शाळा. मधे तीन नावं होती. फॉर्म भरायच्या आधी ती बाबांबरोबर एसटीनं जाऊन ते कॉलेज बघून आली. प्रयोगशाळा कुठं आहे, शेवटची एसटी किती वाजता आहे, मामाच्या खोलीपासून किती चालावं लागतं, सगळं पाहून आली. जूनच्या अखेरीस यादी लागली तेव्हा आमच्याकडे दोन दिवस मोबाईलला रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी टेकडावर चढून पाहिलं, तर पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज मिळालं होतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. वसतिगृहात लगेच नंबर लागला नाही. मामाच्या एका खोलीत सहा माणसं, त्यात ही सातवी. सुरुवातीला इंग्रजीतली पुस्तकं बघून रडायला यायचं, असं तिनंच मला सांगितलं. पण दिवाळीनंतर आई-बाबा जगायला गेले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली नाही. तिचं कॉलेज सुरू होतं. ती काही अजून नर्स झालेली नाही. पुढं काय होईल ते मी कशी सांगू? पण निवड तिची होती आणि ती समजून केलेली होती, एवढं मी नक्की सांगते.

तेव्हा मुलांनो, तुमची दहावी या वर्षी असो की चार वर्षांनी, हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. मला पुढं काय शिकायचं आहे, आणि या जागेमुळे त्यातली कुठली वाट बंद होते? आज सोडलेली जागा पुढच्या फेरीत खरंच जाईल, की तशीच राहील? तिथं राहण्याची, जेवणाची, येण्याजाण्याची सोय कोण करणार? आणि पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज उद्या सकाळी मिळालं, तर मी आनंदानं जाईन का? चौथ्या प्रश्नाला 'हो' म्हणताना जीभ अडखळली, तर तो क्रमांक बदला. आणि हो, नियम दरवर्षी थोडे बदलू शकतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कुणी काय सांगितलं यावर विसंबू नका, अगदी माझ्यावरसुद्धा!

शेवटी आई-बाबांना दोन शब्द. तुम्ही घाई करता ती मायेपोटी, हे मी रोज बघते. पण फॉर्म भरताना पोराच्या हातातला पेन काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा. एसटीचं भाडं किती, महिन्याला पैसे किती पाठवता येतील, हे त्याला खरं खरं सांगा. खरं सांगितलं की पोरं शहाण्यासारखी वागतात, हा माझा अनुभव आहे. आणि जवळपास एखादं असं घर असेल, जिथं फॉर्म वाचून दाखवणारं कुणीच नाही, तर एका संध्याकाळी तिथंही जाऊन बसा. शंभर रुपयांच्या त्या फॉर्मवर एखाद्या मुलीची दिवाळीनंतरची सगळी वर्षं अवलंबून असतात.